हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही!

रात्री साडेदहाला मैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. स्क्रीनशॉट नाही, फोटो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, मधोमध एक चौकोन आणि त्यात ओळ: ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’. खाली व्हॉइस मेसेज. ‘‘अगं, लॅपटॉप गेला बहुतेक. बाबा म्हणतायत उद्या खोपोलीला जाऊन हप्त्यावर नवीन घेऊ. काय करू?’’

ती केळवली स्टेशनपासून वीसेक मिनिटं चालत असलेल्या गावात राहते. बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट अँड्रॉइड ॲपचं आणि सबमिशनला नऊ दिवस बाकी. लॅपटॉप सेकंडहँड, कुठल्या तरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला. तिच्या बाबांनी दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेला. ते स्वतः एका कंपनीत कंत्राटावर आहेत. त्यामुळे ‘हप्त्यावर नवीन घेऊ’ हे वाक्य ते किती जड मनाने बोलले असतील, ते मला फोनवरूनही कळत होतं.

अँड्रॉइड स्टुडिओचा इन्स्टॉलर डबल क्लिक केला की हा चौकोन यायचा. तिने आपण सगळे करतो तेच केलं. क्लोज. परत क्लिक. परत क्लोज. रीस्टार्ट. फाइल पुन्हा डाउनलोड, तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे त्या दिवसाचा सगळा डेटा पॅक संपला. मग मामेभावाला फोन. त्याने ‘राइट क्लिक कर, कम्पॅटिबिलिटी मोड लाव’ सांगितलं. तेही झालं. चौकोन तोच.

मी तिला विचारलं, चौकोनात दुसरी ओळ काय आहे? ‘‘काहीतरी पब्लिशरशी चेक करा म्हणतोय.’’ नीट वाचायला लावली. ‘टू फाइंड अ व्हर्जन फॉर युवर पीसी, चेक विथ द सॉफ्टवेअर पब्लिशर.’ म्हणजे विंडोज म्हणतंय, तुझ्या पीसीसाठीची आवृत्ती ही नव्हे, ती शोध. लॅपटॉप गेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एररची भाषा रुक्ष असते हे खरं, पण बहुतेक वेळा ती खोटं बोलत नाही. आपणच घाबरून पहिली ओळ वाचतो आणि ओके दाबतो.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथल्या पानाचा दुसरा फोटो मागवला आणि सगळा घोळ दोन ओळींत सापडला. सिस्टिम टाइप: ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’. त्याच्या वर, रॅम ४ जीबी, पण कंसात ‘३ जीबी आणि थोडी यूजेबल’.

हे जरा उलगडून सांगते, कारण सेकंडहँड लॅपटॉप वापरणाऱ्या कुणालाही हे लागू शकतं. प्रोसेसर ६४-बिटचा आहे, पण त्यावर टाकलेलं विंडोज ३२-बिटचं. सहा डब्यांची गाडी ओढू शकणाऱ्या इंजिनाला तीनच डबे जोडावेत, तसं. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या आतच पत्ते मोजू शकतं, त्यातला काही भाग ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखून ठेवावा लागतो, म्हणून आपल्याच रॅमचा तुकडा वाया जातो. आणि ६४-बिटसाठी बनवलेला प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर उघडतच नाही. उलट मात्र चालतं, ६४-बिट विंडोजवर जुने ३२-बिट प्रोग्रॅम आरामात चालतात. अँड्रॉइड स्टुडिओच्या डाउनलोड पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे: ६४-बिट विंडोज हवं, किमान ८ जीबी रॅम हवी. ते पान कोण वाचतं? मीही नव्हतं वाचलं कधी.

मग ३२-बिट टाकलं कुणी? ज्या दुकानातून लॅपटॉप आला, त्यांनीच. माझा अंदाज असा, की एकच जुना पेन ड्राइव्ह सगळ्या मशीनना लावायचा, आणि ३२-बिट कुठेही बसतं, म्हणून तेच. मुद्दाम फसवलं असेल असं मला वाटत नाही. पण विकताना एक वाक्य सांगितलं असतं तर!

आता गंमत ऐका. एफवायला असताना हीच मुलगी वर्गात ‘लकी’ समजली जायची. कारण टर्बो सी.

ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, माउसपेक्षा ऑल्ट-एफचा भरवसा. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर नव्वदीच्या सुरुवातीचं, म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठं आणि १६-बिटचं. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये ते आजही जिवंत आहे, कारण जर्नलं त्यावर, प्रॅक्टिकलं त्यावर, आणि ग्राफिक्सचे ते गोल-चौकोन काढायची जुनी लायब्ररी त्याच्याशीच बांधलेली. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. म्हणून मुलं डॉसबॉक्स टाकतात. डॉसबॉक्स म्हणजे तुमच्या विंडोजच्या आत बसवलेला एक नाटकी जुना कॉम्प्युटर. टर्बो सीला वाटतं आपण अजून डॉसवरच आहोत. ते ‘माउंट सी’ची ओळ दर वेळी टाइप करणं, एफ ९ दाबल्यावर वाट बघणं, सगळ्यांचा वैताग. आणि हिच्या लॅपटॉपवर टर्बो सी डॉसबॉक्सशिवाय थेट उघडायचं! ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल सोडलं तर सगळं व्यवस्थित. आम्ही म्हणायचो, काय मशीन मिळालंय हिला.

तेव्हाच कळायला हवं होतं. १६-बिट थेट चालतंय, याचा अर्थच विंडोज ३२-बिट आहे.

टर्बो सीवर आणखी एक कुरकुर करून घेते, जागा मिळालीच आहे तर. सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली आलं. टर्बो सी++ त्याच्या आधीचं. त्यामुळे ‘आयओस्ट्रीम’च्या पुढे ‘डॉट एच’ लावायची सवय घेऊन मुलं इंटर्नशिपला जातात आणि आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला एरर खातात. तो एरर इन्स्टॉलरचा नाही, पण जात तीच. एका काळासाठी लिहिलेली गोष्ट दुसऱ्या काळात चालवायला गेलं की असं होतंच.

मामेभावाच्या कम्पॅटिबिलिटी मोडकडे वळते. तो मुळात चुकीचा सल्ला नव्हता, फक्त या आजारावरचं औषध ते नव्हतं. बरेच इन्स्टॉलर सुरुवातीला विंडोजला विचारतात, तुझा नंबर काय? एक्सपीचा आतला नंबर ५.१, व्हिस्टाचा ६.०. काही प्रोग्रॅमरांनी तपासणीच अशी लिहिली होती, की पहिला आकडा ५ नसला तर दार बंद. व्हिस्टा आलं आणि धडधाकट चालू शकणारे प्रोग्रॅमही नुसत्या आकड्यावर अडले. पुढे विंडोज ७ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने नाव ‘७’ ठेवलं, पण आतला नंबर ठेवला ६.१, कारण पहिला आकडा बदलला की पुन्हा तोच गोंधळ. विंडोज ११ चा आतला नंबर बघाल तर तो अजून १०.० नेच सुरू होतो. कम्पॅटिबिलिटी मोड मुख्यतः हेच करतो, प्रोग्रॅमला जुना नंबर सांगतो आणि जुन्या काही सवयी परत लावून देतो. नंबरवरून अडलेला इन्स्टॉलर यामुळे सुटतो. पण ३२-बिट विंडोजला ६४-बिट करणं त्याच्या हातात नाही. थापेने वय कमी सांगता येतं, उंची वाढवता येत नाही.

मग अडलंय नक्की कशावर, हे ओळखायचं कसं? मला जमलं तेवढं सांगते. नंबरवर अडलं असेल तर संदेशात विंडोजच्या आवृत्तीचा उल्लेख असतो, ‘अमुक किंवा त्यानंतरचं विंडोज लागेल’ असा. तुमची आवृत्ती बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘विनव्हर’ टाइप करा. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ असं काहीतरी लांबलचक डीएलएल ‘मिसिंग’ म्हणून आलं, तर बहुधा मशीन विंडोज ७ वर आहे आणि त्यावर एक अपडेट कधी टाकलेलं नाही. विंडोज १० मध्ये तो भाग मुळातच असतो. इथे लोक हमखास चूक करतात, ती एकटी डीएलएल फाइल कुठल्याही साइटवरून उचलून आणतात. तसं करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, नाहीतर विंडोज अपडेट चालवा. आणि नुसता आकडा आला, उदाहरणार्थ १६०३, तर तो आकडा काहीच सांगत नाही, फक्त ‘मोडलं’ एवढंच. अशा वेळी इन्स्टॉलर बऱ्याचदा टेम्प फोल्डरमध्ये लॉग टाकतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. खरं कारण त्याच्या जरा वरच्या ओळींत असतं. हे मला आमच्या डिपार्टमेंटच्या एडिटिंग लॅबमधल्या दादाने शिकवलं. त्याआधी मी लॉग फाइल म्हणजे काय, तेही विचारलं असतं.

अडलेलं मशीन म्हणजे टाकाऊ मशीन नव्हे, हे मी कर्जतमध्ये एका डीटीपीवाल्या काकांकडे पाहिलंय. त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत. एक नवा, एक एक्सपीवरचा, धुळीने पिवळा पडलेला. ‘‘काका, हा अजून ठेवलात?’’ विचारलं तर म्हणाले, ‘‘त्याच्यात पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत.’’ जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, युनिकोडच्या आधीचे फाँट, आणि ते चालायला मागे खोचलेलं एक हार्डवेअर लॉक. नव्या मशीनवर त्या लॉकचा ड्रायव्हर बसत नाही. व्हिस्टापासून ६४-बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही, आणि या लॉकच्या जुन्या ड्रायव्हरवर सही नाही. ड्रायव्हर नाही तर लॉक नाही, लॉक नाही तर सॉफ्टवेअर नाही, आणि सॉफ्टवेअर नाही तर पत्रिकेतला ‘श्री’ इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतो. काकांनी एक शहाणपणा मात्र केलाय. त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. काम झालं की फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हने नव्या मशीनवर.

वायर काढण्यात किती अर्थ आहे, ते २०१७ मध्ये दिसलं. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला होता. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं अडली. शेवटी सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून पॅच काढावा लागला. सर्वाधिक फटका बसला तो विंडोज ७ ला, म्हणजे ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता, पण लोकांनी अपडेटच टाकलं नव्हतं. सपोर्ट असून उपयोग काय, तो घ्यायलाही लागतो.

आता तीच वेळ विंडोज १० वर आलीय. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मैत्रिणीचा लॅपटॉप पाचव्या पिढीच्या आय थ्रीचा. म्हणजे अधिकृतपणे ११ नाहीच. इंटरनेटवर ही तपासणी चुकवायच्या युक्त्या ढिगाने आहेत आणि त्या चालतातही. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही. पुढच्या एखाद्या अपडेटला प्रोसेसरच पुरेसा नाही म्हणून मशीन सुरूच झालं नाही, असंही जुन्या मशीनबाबत झालंय. फावल्या वेळात करून बघायला ठीक, सबमिशनच्या आठवड्यात नाही. विंडोज १० वर राहणाऱ्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचं बॅकअप सुरू केलं तर पैसे न भरताही तिच्यात नाव घालता येतं. विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची लिंक दिसते.

लिनक्सचं सुचवणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतातच. त्यांचं म्हणणं चूक नाही. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू हलकं चालतं, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आतच मिळतो, अँड्रॉइड स्टुडिओही लिनक्ससाठी आहे. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स २००७ पासून काढलंय, आणि केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. पण नऊ दिवसांत नवी सिस्टिम शिकून त्यावर प्रोजेक्ट पूर्ण करायचं, हे मी तिला सांगायला धजले नाही.

त्या रात्री ती आणखी एका गोष्टीच्या काठावर होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. यूट्यूबवर तिला एक व्हिडिओ सापडला होता, ‘अँड्रॉइड स्टुडिओ ३२-बिट, शंभर टक्के वर्किंग’. खाली लिंक, झिप फाइल, पासवर्ड, आणि सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा. तिने ती फाइल डाउनलोडला लावली होती. डेटा पॅक संपला म्हणून ती अर्ध्यात अडकली. क्रॅक आणि की-जनच्या फाइलींतून पसरणारं ‘स्टॉप’ नावाचं रॅन्समवेअर घरगुती कॉम्प्युटरांना वर्षानुवर्षं छळतंय, ते फोटो, डॉक्युमेंट सगळं कुलूपबंद करून पैसे मागतं. त्या झिपमध्ये तेच होतं असं मी म्हणत नाही. पण जो इन्स्टॉलर आधी पहारेकऱ्याला झोपवायला सांगतो, त्याला मी तरी घरात घेणार नाही. तिच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचा रिपोर्ट होता, त्याची दुसरी कॉपी कुठेही नव्हती.

म्हणून पहिलं काम तेच केलं. रिपोर्ट, फोटो, जर्नलं पेन ड्राइव्हवर आणि ड्राइव्हवरही. ३२-बिटवरून ६४-बिटवर अपग्रेड नावाची गोष्ट नसते, सी ड्राइव्ह पुसून नव्यानेच टाकावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं, त्यात आर्किटेक्चर ६४-बिट निवडलं आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवलं. कित्येक जीबींची ही फाइल हॉटस्पॉटवर काढणं अशक्य, म्हणून ती कर्जतला आमच्या घरी आली. लायसन्सची धास्ती होती, पण आधीचं विंडोज ज्या एडिशनचं अॅक्टिव्हेटेड होतं तीच एडिशन टाकली, की नेट लागल्यावर आपोआप अॅक्टिव्हेट झालं.

मध्येच लाइट गेली. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावापुरती, स्क्रीन काळी. इन्स्टॉल चाळीस टक्क्यांवर होतं. ती रडायचीच बाकी होती. आईने चहा केला. लाइट आल्यावर पुन्हा पेन ड्राइव्हवरून पहिल्यापासून सुरू केलं आणि झालं. डेटा आधीच बाहेर असल्यामुळे गमवायला काहीच नव्हतं.

मग रॅम. लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉट रिकामा होता. त्याच जातीची ४ जीबीची जुनी पट्टी मिळाली, नव्या लॅपटॉपच्या एका हप्त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत. एकूण ८ झाली. स्टुडिओ इन्स्टॉल झाला. इम्युलेटर मात्र आम्ही चालू करायच्या भानगडीत पडलो नाही. स्क्रीनवरचा तो खोटा फोन ८ जीबीत गुदमरतो. त्याऐवजी तिचाच खरा फोन. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करायचं, ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात’ असं येतं, मग यूएसबी डिबगिंग सुरू. सात टॅप करून डेव्हलपर होता येतं यावर तिच्या बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या फोनवरही करून बघितलं.

पहिला बिल्ड व्हायला इतका वेळ लागला, की आम्ही खाली जाऊन वडापाव खाऊन आलो तरी तो चालूच होता. पुढचे बिल्ड बरे झाले. लॅपटॉप वेगवान झालाय असं नाही, क्रोमचे चार टॅब उघडले की अजून धापा टाकतो. पण हप्ता नाही.

तिचं ॲप कर्जत ते खोपोली लोकलच्या वेळापत्रकाचं. एक गाडी चुकली की पुढचीसाठी किती वेळ बसावं लागतं हे या बाजूला राहणाऱ्यालाच माहीत, आणि मोठ्या ॲपमध्ये हा फाटा कुठेतरी तळाशी पडलेला असतो. सबमिशनच्या दिवशी एक्स्टर्नल सरांनी फोन हातात घेतला, वरखाली स्क्रोल केलं आणि विचारलं, ‘‘एवढीच स्टेशनं का टाकलीस? यादी पूर्ण कर ना.’’

‘‘सर, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. कर्जतच्या पुढे पाचच आहेत.’’